बेबीताईच्या चिंध्या

"कागद आनलंस. धूर कुठं हाय?"

बेबीताई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी तेव्हा भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात कारकून होतो. अकरा टेम्पोंचे विमे, परवाने आणि पीयूसी वेळच्या वेळी काढून आणणं हे माझं काम. त्या दिवशी चार टेम्पोंची पीयूसी एकदम संपत होती आणि चारही टेम्पो चार दिशांना माल घेऊन गेले होते. आमचा मालक म्हणाला, कागद घेऊन जा, होतं काम. आधीच्या माणसाचं दुसरीकडे तसं होत आलं होतं, त्यामुळे मीही चार आरसी बुकं आणि मोबाईलमध्ये चार नंबरप्लेटचे फोटो घेऊन काल्हेरच्या रस्त्यावरच्या त्यांच्या पत्र्याच्या पीयूसी केबिनसमोर ऐटीत उभा राहिलो.

साठीला टेकलेली, अंगानं भरलेली, गुडघ्यांनी हैराण झालेली बाई. नऊवारीवर पुरुषी खाकी शर्ट, शर्टाच्या खिशात टायरची हवा मोजायचं मीटर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नाव बेबी. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांनी पुढचा विचार केला नसावा, पण त्यांना बेबीताई सोडून दुसरं काही म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही.

"ताई, गाड्या बाहेर आहेत. फोटो आहेत ना," मी म्हणालो.

"फोटूला धूर येतो कं?" त्यांनी माझा मोबाईल हातात घेऊन खरोखर नाकाला लावला. वास घेतला. परत दिला. "न्हाय येत. गारी आन."

त्यांच्या आगरी बोलीत गाडीची गारी होते. पुढच्या सहा वर्षांत ही 'गारी' मी इतक्या वेळा ऐकली की घरी बायकोसमोरही तोंडातून तेच येऊ लागलं. त्या दिवशी मात्र मी चिडून परतलो आणि चार दिवसांत चारही टेम्पो एकेक करून त्यांच्यासमोर उभे केले. दोन नापास झाले. दोन्ही मी दुरुस्त करून घेतले आणि पुन्हा नेले. तेव्हापासून त्यांनी माझं नाव 'कागदवाला' ठेवलं, आणि मी गोदाम सोडलं त्या दिवसापर्यंत ते बदललं नाही.

त्यांच्या केबिनमध्ये सरकारनं ठरवून दिलेलं मशीन होतंच. नळी सायलेन्सरमध्ये घालायची, मशीन आकडे सांगतं, संगणक कागद छापतो. पण मशीनच्या आधी बेबीताईंची स्वतःची एक परीक्षा असे. भिवंडीत लूमच्या कारखान्यांतून कोऱ्या कापडाच्या चिंध्यांची पोती निघतात आणि ती सगळ्या गॅरेजांत हात पुसायला जातात. बेबीताईंकडेही एक पोतं असायचं. त्यातली पांढरी चिंधी काढायची, सायलेन्सरच्या तोंडाशी धरायची, तोंडानं तीसपर्यंत आकडे मोजायचे आणि मग ती उजेडात धरून बघायची. कोरडी काळी पूड बसली तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. तेलकट निळसर डाग पडला तर इंजिन तेल पितंय. नुसता पाण्याचा ओला गोल उमटला तर गाडी निरोगी. मग चिंधीवर बॉलपेनानं गाडीचा नंबर लिहायचा आणि ती केबिनमधल्या तारेला लटकवायची. मशीनचा आकडा नंतर यायचा, आणि चिंधीनं सांगितलं त्याच्या उलट आलेला मी तरी पाहिला नाही.

ती तार म्हणजे काल्हेर ते पूर्णा रस्त्यावरच्या वाहनांची अब्रू होती. कुणाची गाडी किती काळी आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येई. एका गोदामाच्या मॅनेजरनं आपली चिंधी काढून टाकायची विनंती केली, तर बेबीताई म्हणाल्या, "धुवून आन गारी. दुसरी लावतंय."

हा धंदा मुळात त्यांच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा. ते अचानक गेले. कुंकू बेबीताईंनी ठेवलं, पण परवाना अडकला. चालवायला शिकलेला माणूस हवा होता. दिरांनी सांगितलं, केबिन भाड्यानं देऊन टाक, रस्त्याला लागून जागा आहे, घरी बसून खा. बेबीताईंनी एकेचाळिसाव्या वर्षी आयटीआयमध्ये नाव घातलं. मोटार मेकॅनिक. वर्गात सगळी मिसरूड फुटलेली पोरं आणि पहिल्या बाकावर या, नऊवारीत. पहिल्या दिवशी शिक्षकांनी विचारलं, कुणाच्या पालक का तुम्ही? त्या उठून म्हणाल्या, "माझीच." परीक्षेत इंजिन उघडून पुन्हा जोडायचं होतं. पोरांचे एकदोन नट उरले. यांचा एकही उरला नाही, उलट आधीच्या कुणीतरी विसरलेला एक वायसर इंजिनात सापडला आणि तो त्यांनी परीक्षकाच्या टेबलावर नेऊन ठेवला. ही गोष्ट त्या स्वतः कधी सांगत नसत, त्यांचे दीर सांगत. तेही छाती फुगवून, जणू नाव त्यांनीच घातलं होतं.

भाच्याच्या हळदीचा किस्सा मात्र माझ्यासमोर घडला. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं प्रकरण. भाचा सकाळीच फुलं लावलेली जीप घेऊन आला. वरातीच्या वाटेवर पोलीस कागद बघतात, म्हणून पीयूसी हवी होती. बेबीताईंनी चिंधी धरली. चिंधी तव्याच्या बुडासारखी झाली.

"आत्या, आज माझी हलद हाय," भाचा म्हणाला.

"माहीत हाय. संध्याकालला येतंय मी."

"मग आजच्या दिवस पास कर ना."

"हलदीला येतंय, नाचतंय, तुझ्या अंगाला हलद पन लावतंय. पास न्हाय करत. नवरीच्या अंगावर हा धूर घालशील कं?"

भाच्यानं आईला फोन लावला, आईनं बेबीताईंना लावला, बेबीताईंनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, सांग तिला मी कामात हाय. मी सांगितलं. पलीकडून जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी वरात भाड्याच्या गाडीतून निघाली आणि बेबीताई तिच्यापुढे, गुडघ्यांना पट्टे बांधून, दीड तास नाचल्या. पुढच्या आठवड्यात भाचा जीप दुरुस्त करून घेऊन आला आणि पास झाल्यावर पाया पडला. मी हे सांगतो तेव्हा लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावतोय. लावतो थोडं, पण पाया पडला हे खरं आहे.

निदानाची त्यांची रीत ठरलेली होती. "पयलं गारीला इचारायचं, मंग मालकाला, सगल्यात शेवटी मेस्त्रीला." आणि दुसरं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं गुण आला ते कळत नाही, आणि कळलं नाही तर ते काम नव्हे, जुगार. रस्त्यापलीकडे रफिक मेस्त्रीचं गॅरेज होतं. रफिक उत्तरेकडचा, हात सोन्याचा, तोंड तिखट. बेबीताई नापास करायच्या, गिऱ्हाईक रस्ता ओलांडून रफिककडे जायचं, रफिक दुरुस्त करून परत पाठवायचा. दोघांचं पोट एकमेकांवर चालत होतं आणि दोघांचं एकमेकांशी क्षणभर पटत नव्हतं. बेबीताई मापायच्या, पण पान्याला हात लावायच्या नाहीत. जो मापतो त्यानंच दुरुस्त केलं तर लोक म्हणतील धंदा वाढवायला नापास करते. म्हणून त्या रस्त्याच्या या बाजूला खुर्चीत बसून त्या बाजूच्या रफिकला ओरडून सांगायच्या, "रफिक, पलग बघ पयला," आणि तो तिकडून ओरडायचा, "आप मशीन देखो, ताई."

आता जैतूनखालांची गाडी.

जैतूनखाला, म्हणजे जैतूनमावशी, आमच्या मोहल्ल्यातल्या. जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या, मुलाचा लूमचा कारखाना. त्यांची गाडी म्हणजे जवळजवळ तीस वर्षांची, चौकोनी, फिक्या निळ्या रंगाची छोटी पेट्रोल गाडी. मोहल्ल्यात पहिली बाई जी गाडी चालवायला शिकली ती या, आणि शिकून गप्प बसल्या नाहीत. त्याच गाडीवर त्यांनी दुसऱ्या बायकांना शिकवायला सुरुवात केली. फी नाही. अट एकच, शिकलीस की आणखी एकीला शिकवायचं. हिंदू, मुसलमान, मारवाडी, सगळ्या. माझी बायको याच गाडीवर शिकली. आज ती मला बाजूला बसवून गाडी चालवते आणि क्लच घासू नको म्हणून मलाच सुनावते, ते खालांच्याच शब्दांत.

मग खालांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दीड वर्ष गाडी बंद. बऱ्या झाल्यावर त्यांनी चाव्या मागितल्या, तर नोंदणी नूतनीकरणाची तारीख जवळ आलेली. एवढ्या जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी ते करावं लागतं, आणि त्यासाठी पीयूसी लागते. गाडी तीन ठिकाणी नापास झाली. मुलगा सलीम, आईवर जीव असलेला माणूस, म्हणाला, अम्मी, पुरे झालं, रविवारी भंगारवाला येऊन घेऊन जाईल, तुला कुठे जायचं तर रिक्षा आहे, मी आहे.  खाला माझ्या बायकोला म्हणाल्या, "रिक्षात बसेन गो. पण मग कोणीतरी नेईल तेव्हा जाणारी बाई होईन मी. तशी मी कधी नव्हते." बायकोनं हे मला सांगितलं आणि वर म्हणाली, तुझी ती बेबीताई कशासाठी आहे?

शुक्रवारी सकाळी खाला स्वतः गाडी चालवत काल्हेरला आल्या. मी पुढे बाईकवर, वाट दाखवायला. मागे बघितलं की धूर दिसायचा, अगदी काळा, आणि त्यामागचे लोक नाकाला रुमाल लावत होते. मला लाज वाटली. खालांना त्याहून जास्त वाटली असणार.

बेबीताईंनी चिंधी धरली. तीस मोजायची गरज नव्हती, बारालाच काळी झाली. त्यांनी बोट फिरवलं, पूड कोरडी. मग नळी घातली. या काळातल्या गाडीला कार्बन मोनॉक्साईड तीन टक्क्यांपर्यंत चालतो. मशीन साडेसहावर जाऊन थांबलं.

"पेट्रोल पितेय आनि हवा मिलत न्हाय," बेबीताई म्हणाल्या. "गुदमरलीय ती."

त्यांनी रस्त्यापलीकडून रफिकला बोलावलं. तो आला आणि गाडी बघून कपाळावर हात मारला. नापास झाल्यावर सलीमनं त्यालाच कारखान्यात बोलावून गाडी दाखवली होती. "ताई, सब कर चुका हूँ. एअर फिल्टर नया, प्लग नये, चोक खुला. कार्बोरेटर तीन बार पेट्रोल में धोया, हवा मारी. बुढ़िया हो गई है गाड़ी, जाने दो."

बुढ़िया शब्दावर दोन्ही बायकांनी त्याच्याकडे बघितलं. तो वाकून बॉनेट उघडायला लागला.

"तो मिक्सचरचा स्क्रू फिरव," बेबीताई म्हणाल्या. गाडी उभी आणि इंजिन चालू असताना हवा-पेट्रोल कमीजास्त करायचा एक बारका स्क्रू असतो. रफिकनं तो आत फिरवला. आकडा साडेसहा. बाहेर फिरवला. साडेसहा. तो खांदे उडवून स्क्रू होता तिथेच, बराच बाहेर, सोडून मोकळा झाला. "देखा? फरक ही नहीं पड़ता."

बेबीताईंचे डोळे तिथे बारीक झाले. नळ फिरवून पाणी कमी होत नसेल तर पाणी नळातून येतच नाही, दुसरीकडून येतंय, एवढं मलाही कळलं. पण दुसरीकडून म्हणजे कुठून हे कुणालाच कळत नव्हतं. गाडीला विचारून झालं होतं. आता मालकाची पाळी.

"ताई, गारी दीड वरीस कुठं झोपलेली?" त्यांनी खालांना विचारलं.

"सलीमच्या कारखान्यात. लूमच्या शेडमध्ये एका बाजूला. वरून कोरं ग्रे कापड टाकलेलं, धूळ बसू नये म्हणून."

"बंद?"

"नाही गो. पोराला माझी काळजी. इंजिन मरू नये म्हणून रोज शिफ्ट सुटली की दहा मिनिटं चालू करायला लावायचा माणसाला."

"शेडमधेच?"

"शेडमध्येच."

बेबीताईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "सलीमला फोन लाव."

सलीमला त्यांनी एकच प्रश्न विचारला, फिल्टर कधी बदलला? तो म्हणाला, टेस्टच्या आधी. आणि त्याआधी? त्याआधी, तो जरा अडखळून म्हणाला, फिल्टर रुईनं भरायचा सारखा, म्हणून माणसानं काढूनच ठेवला होता, इंजिनाला मोकळा श्वास मिळावा म्हणून. सातआठ महिने गाडी रोज बिनफिल्टरचीच चालू व्हायची.

ज्यांनी चालू लूमची शेड पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे हवेत कापसाचा भुगा तरंगत असतो, माणसांच्या भुवया पांढऱ्या होतात. त्या भुग्यात नुसता कापूस नसतो. धागा विणताना तुटू नये म्हणून त्याला खळ लावलेली असते, आणि ती वाळून सुटते, पिठासारखी उडते. आईची गाडी मरू नये म्हणून मुलानं तिला रोज दहा मिनिटं ते पीठ पाजलं होतं. भिवंडीबाहेर ही चूक कुणाला सुचलीही नसती.

बेबीताई उठल्या. गुडघे धरत बॉनेटशी गेल्या, फिल्टरच्या डब्याखाली बोट घातलं आणि कोपऱ्यात साठलेली पांढरट लव काढली. ती बोटावर घेऊन त्यावर थुंकल्या आणि चिमटीत चोळलं. बोटं एकमेकांना चिकटली. त्यांनी ती उघडून मला दाखवली, मग रफिकला, मग खालांना.

"खल," त्या म्हणाल्या. आणि हसल्या. त्यांना इतकं मनापासून हसताना मी प्रथमच पाहत होतो. "माझ्या बापाची चार लूम होती, कागदवाल्या. गोदामं यायच्या आधी. बीमवर धागा भरता भरता मोठी झाली मी. रफिक, तू कशात धुतलास?"

"पेट्रोल में. सब पेट्रोल में धोते हैं."

"खल पेट्रोलात सुटते कं? शंभर बार धू. कापडाची खल कशात सुटते?"

 उत्तर खालांनी दिलं, अगदी हळू. "गरम पाण्यात."

कार्बोरेटरमध्ये हवा आत यायला सुईच्या नाकाएवढी भोकं असतात. त्यातलं एक खळीनं बुजून दगडासारखं झालं होतं. हवा येईना, म्हणून पेट्रोलच ओढलं जायचं, स्क्रू कितीही फिरवला तरी. बेबीताईंनी केबिनमधल्या शेगडीवर आपलं चहाचं मोठं पातेलं चढवलं. रफिक म्हणाला, "ताई, कार्बोरेटर है, आलू नहीं है." पण तोवर तो पाना घेऊन कार्बोरेटर खोलायला लागला होता.

"वज्रेश्वरीला गरम कुंडात मानसं गुडघं घेऊन जातात नं," बेबीताई म्हणाल्या. "हिला इथंच वज्रेश्वरी."

तीन वेळा पाणी बदललं. दुसऱ्या पाण्यावर पांढरट तवंग आला, पेजेसारखा. तिसऱ्यानंतर रफिकनं हवा मारली आणि भोकातून काहीतरी उडून त्याच्या मिशीला चिकटलं. त्यानं ते काढून तळहातावर घेतलं, तांदळाच्या कणीएवढं. बराच वेळ तो त्याच्याकडे बघत राहिला. मला त्याचं फार बरं वाटलं, कारण त्यानं ते लपवलं नाही.

सगळं वाळवून, जोडून, इंजिन गरम करून परत नळी घातली तेव्हा शनिवारची दुपार झाली होती. भंगारवाला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. सलीमही येऊन उभा होता, अपराधी चेहऱ्यानं. केबिनसमोर आजूबाजूच्या गोदामांतली दहाबारा माणसं जमली होती. बातमी कशी पसरते ते काल्हेरला कुणी शिकवायला नको.

आकडा आला चार पूर्णांक आठ.

साडेसहावरून चार-आठ. सगळे टाळ्या वाजवणार इतक्यात बेबीताईंनी मान हलवली. "नापास."

"ताई," रफिक म्हणाला, "दो पॉइंट का सवाल है. पुरानी गाड़ी है. निकाल दो ना काग़ज़."

"हां, काढा की," मागून कुणीतरी म्हणालं. सलीम खाली बघत होता. मी, खरं सांगतो, मनातून तेच म्हणत होतो. एवढी मेहनत केली, एवढं शोधून काढलं, आता काय हे. बेबीताईंनी कुणाकडेच बघितलं नाही, फक्त खालांकडे बघितलं.

खाला म्हणाल्या, "बेबी, मला खोटा कागद नको. मी दीडशे बायकांना लाल सिग्नलला थांबायला शिकवलंय. कोणी नसलं तरी थांबायचं, असं सांगून."

दोघी एकमेकींना शुक्रवारच्या आधी ओळखतही नव्हत्या. पण 'बेबी' अशी नुसत्या नावानं हाक त्यांना तिथे दुसऱ्या कुणी मारलेली मी ऐकली नाही.

"एका वेळी एकच गोष्ट," बेबीताई म्हणाल्या. "भोक उघडलं. आता स्क्रू. रफिक, पाव फेरा आत."

रफिकनं पाव फेरा आत दिला. आणि मशीनवरचा आकडा हलला. चार-दोन.

मला तो क्षण अजून दिसतो. आकडा पास व्हायच्या आधीच बेबीताईंनी मांडीवर थाप मारली. स्क्रू ऐकत होता. नळाचं पाणी आता नळातूनच येत होतं. "अजून पाव." तीन-चार. "अजून पाव." दोन-सहा. तीनच्या खाली गेल्यावर कुणीतरी शिट्टी वाजवली. "अजून, अर्धा पाव." एक पूर्णांक आठ. इंजिन इतकं शांत फिरायला लागलं की रफिकनं एकदा वाकून पंखा फिरतोय ना ते पाहिलं.

मग बेबीताईंनी पोत्यातून नवी चिंधी काढली, पण सायलेन्सरशी स्वतः न धरता ती खालांच्या हातात दिली. खाला ऑपरेशनच्या गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. सगळ्यांनी मिळून मोजलं. तीस. चिंधीवर पाण्याचा एक ओला गोल होता, बाकी काही नाही. कागद छापून आला. सलीमनं रडायला सुरुवात केली, तर खालांनी त्याला गाडीत मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः चालवत घरी नेलं. भंगारवाल्याला त्यानं वाटेतूनच फोन केला.

महिन्याभरात रफिकच्या गॅरेजमध्ये शेगडी आणि पातेलं आलं. मग पलीकडच्या गॅरेजमध्ये. लूमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या गाड्या आणि बंद पडलेल्या स्कूटर गरम पाण्यात बसून बऱ्या व्हायला लागल्या. रफिक गिऱ्हाइकाला सांगायचा, ये हमारा अपना तरीका है. ते रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. बेबीताई नुसत्या त्याच्याकडे बघून दोन बोटं चिमटीत चिकटवून उघडायच्या, आणि तो ओशाळून हसायचा. मात्र तेव्हापासून त्यानं रस्ता ओलांडून चहा द्यायला सुरुवात केली. साखर कमी, ताईंच्या प्रकृतीप्रमाणे.

पुढच्या वर्षी मला नाशिकला नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी पेढे घेऊन काल्हेरला गेलो, तर केबिनला कुलूप. कामाच्या दिवशी केबिन बंद मी पाहिली नव्हती, त्यामुळे मी कुलूप हलवून पाहिलं. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. फिकी निळी गाडी. खाला चालवत होत्या, शेजारी बेबीताई, खाकी शर्टाऐवजी नवी हिरवी चोळी, मांडीवर डबा.

"वज्रेश्वरीला चाललंय," बेबीताई म्हणाल्या. "कुंडात बसायला. दोघींचं चार गुडघं हायत."

मी पेढे दिले, नाशिकचं सांगितलं. त्यांनी एक पेढा तिथेच खाल्ला, एक खालांच्या तोंडात घातला. मला वाटलं आता काही निरोपाचं बोलतील. त्यांनी पर्समधून पांढरी चिंधी काढली आणि खिडकीतून माझ्या हातात दिली.

"जा मागं. धर. तीस मोज."

मी नोकरीच्या निरोपासाठी घातलेल्या इस्त्रीच्या कपड्यांत रस्त्यावर उकिडवा बसलो आणि मोठ्यानं तीस मोजले. मागून येणारे कंटेनरवाले माझ्यासाठी हॉर्न वाजवत होते. चिंधी नेऊन दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, बॉलपेन काढलं, गाडीचा नंबर लिहिला, आणि खाली माझं नाव लिहिलं. कागदवाला नव्हे, खरं नाव. सहा वर्षं त्यांना ते माहीत होतं तर.

"ठेव तुझ्याकरं," त्या म्हणाल्या.

खालांनी इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, हात दाखवून एका ट्रकला थांबवलं आणि गाडी रस्त्यावर घेतली. बेबीताईंनी खिडकीतून हात बाहेर काढला, मागे न बघता, आणि तो हात नाक्यावरच्या वळणापर्यंत बाहेरच होता. मी सवयीनं गाडीच्या मागे बघत राहिलो. धूर कुठेच नव्हता.